जिभेवर विरघळणारं औषध प्रिंटरवर कसं छापायचं: फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवातीपासून

पंचवटीतल्या एका मेडिकलच्या काउंटरवर मी उभी होते. शेजारी एक आजी नातवाचं औषध घ्यायला आल्या होत्या. डॉक्टरांनी पाव गोळी लिहून दिलेली. "दादा, ही पाव कशी करायची?" आजींनी विचारलं. दुकानातल्या मुलानं ब्लेड काढलं, गोळीचे चार तुकडे केले आणि काचेवर पडलेला चुरा फुंकरीनं उडवून दिला. त्या चुऱ्यात औषध होतं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला मी मुलांना हेच करायला लावलं: गोळी कापा, तुकडे तोला. चारही तुकडे सारखे आलेत असा एकही गट निघाला नाही.

लहान मुलाचा डोस बरोबर मोजून, तोडमोड न करता कसा द्यायचा, या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर म्हणजे छापील फिल्म. टपाल तिकिटाएवढी पातळ, कोरी, खाण्याजोगी पट्टी आधी बनवायची आणि तिच्यावर इंकजेट प्रिंटरनं औषधाची शाई छापायची. चौरस मोठा छापला की डोस वाढतो, लहान छापला की घटतो. पट्टी जिभेवर ठेवली की लाळेनं विरघळते, पाणी लागत नाही, गिळायची कसरत नाही.

फार्मास्युटिक्स शिकवताना नाशिकमध्ये मी हा प्रकल्प मुलांकडून अनेकदा करून घेतला आहे. दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि त्याच चुका होतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे काम फार्मसी कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या प्रयोगशाळेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करायचं आहे. घरच्या प्रिंटरमध्ये औषध भरून कुणालाही द्यायचं नाही, स्वतःही घ्यायचं नाही. औषध घातलेली फिल्म "चव कशी आहे बघू" म्हणून चाटूनही बघायची नाही.

थोडी पार्श्वभूमी

तोंडात विरघळणाऱ्या पट्ट्या लोकांना पहिल्यांदा माहीत झाल्या त्या श्वास ताजा करणाऱ्या लिस्टरिनच्या पट्ट्यांमुळे, २००१ च्या सुमारास. उलटी थांबवणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉनच्या फिल्मला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. या सगळ्या फिल्ममध्ये औषध द्रावणातच मिसळलेलं असतं आणि अख्खी चादर ओतून, वाळवून कापली जाते. छपाईची वाट त्यानंतरची. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या ओबो अकादमी विद्यापीठात निक्लास सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ च्या सुमारास साध्या इंकजेटनं कागदासारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर औषध छापून दाखवलं. त्याच काळात लंडनमध्ये स्टार्चच्या फिल्मवर सालब्युटामॉल हे दम्याचं औषध छापण्याचं काम झालं. कोपेनहेगनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तर औषधाच्या शाईनं क्यूआर कोडच छापला: कोड हाच डोस आणि कोड हीच ओळख.

व्हायवामध्ये मुलं हमखास गोंधळतात, म्हणून सांगते. अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळालेली स्प्रिटॅम ही थ्रीडी छपाईनं बनवलेली गोळी आहे, फिल्म नाही. तिथं भुकटीच्या थरांवर द्रव टाकून गोळी रचत जातात. आपलं काम सपाट, दोन मितींतलं आहे.

आणि छपाई आपल्या शहराला नवी नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटा छापणाऱ्या माणसाला कागदाच्या प्रत्येक पानाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्यालाही द्यावा लागणार आहे. त्याकडे मी शेवटी येते.

औषध कोणतं निवडायचं

निम्मे प्रकल्प इथंच फसतात. मुलं उत्साहानं पॅरासिटामॉल निवडतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी फिल्मवर छापता येत नाही, कारण प्रिंटरचा एक थेंब पिकोलिटरमध्ये, म्हणजे मायक्रोलिटरच्या दहा लाखाव्या भागात, मोजतात. हिशेब मांडूनच दाखवते, वहीत उतरवून घ्या.

समजा प्रिंटर ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, छापतोय आणि प्रत्येक थेंब १० पिकोलिटरचा आहे. एका सेंटिमीटरमध्ये २३६ थेंब बसतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ५५,८००. सगळे मिळून ०.५६ मायक्रोलिटर शाई. शाईत प्रति मिलिलिटर १०० मिलिग्रॅम औषध असेल, तर एका थरात एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ५६ मायक्रोग्रॅम औषध पडतं. पाच थर छापले तर ०.२८ मिलिग्रॅम.

म्हणून औषध असं हवं की ज्याचा डोस एक-दोन मिलिग्रॅमच्या घरात आहे, जे पाण्यात भरपूर विरघळतं आणि जे फारसं कडू नाही. सरावासाठी मी सालब्युटामॉल सल्फेट देते. ते पाण्यात सहज विरघळतं आणि यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) २७६ नॅनोमीटरला मोजता येतं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचं आकर्षण सगळ्यांना असतं, कारण त्याचा डोस माणसागणिक बदलतो आणि छपाईचा खरा उपयोग तिथंच आहे. पण त्यात थोडी चूकसुद्धा रक्तस्रावापर्यंत नेते. पहिल्या प्रकल्पासाठी ते घेऊ नका.

इथं आणखी एक सापळा आहे. लेबलवर "सालब्युटामॉल १ मिलिग्रॅम" लिहितात तेव्हा ते बेसचं, म्हणजे सल्फेट न जोडलेल्या मूळ औषधाचं, वजन असतं. आपण तोलतो ते सल्फेट. १ मिलिग्रॅम सालब्युटामॉलसाठी १.२ मिलिग्रॅम सल्फेट लागतं. हा गुणक विसरलात तर सगळ्या पट्ट्यांमध्ये औषध सुमारे सतरा टक्के कमी भरेल आणि ॲसेची (औषध किती आहे ते मोजायच्या चाचणीची) आकडेवारी मात्र छान सरळ रेषेत दिसेल. अशी चूक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता १.२ मिलिग्रॅम हवं असेल तर पाच थरांत किती जागा लागेल? १.२ भागिले ०.२८, म्हणजे सुमारे ४.३ चौरस सेंटिमीटर; २.०७ सेंटिमीटर बाजूचा चौरस. डोस बदलायचा तर थर वाढवण्याऐवजी क्षेत्रफळ बदला. थर एकाच्या पटीत वाढतात, क्षेत्रफळ हवं तेवढं बारीक बदलता येतं. हा कागदावरचा हिशेब आहे. खरा आकडा तुमचा प्रिंटर सांगेल, आणि तो निराळा असेल.

कोरी फिल्म

ज्यांनी घरी आईला आंबापोळी घालताना पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. ताटाला तूप लावायचं, रस एकसारखा पसरायचा, वाळू द्यायचा, कडेनं सोडवायचं. रस एका बाजूला जाड पडला की तिथं पोळी चिकट राहते आणि दुसरीकडे कडक होते. फिल्मचंही अगदी तसंच होतं, फक्त इथं जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची.

१०० ग्रॅम द्रावणासाठी माझं प्रमाण असं: एचपीएमसी (फिल्म धरणारं सेल्युलोजचं पॉलिमर), १५ सीपीएसचा ग्रेड (सीपीएस हे दाटपणाचं माप), १० ग्रॅम, ग्लिसरीन दीड ग्रॅम, सुक्रालोज ०.२ ग्रॅम, बाकी शुद्ध पाणी. ग्लिसरीन फिल्मला लवचीक ठेवतं, म्हणजे ते प्लास्टिसायझर. पुस्तकात त्याचं प्रमाण याहून जास्त दिसेल. मी मुद्दाम कमी ठेवते, कारण पुढं शाईतून आणखी प्लास्टिसायझर येणार आहे.

सगळं पाणी एकदम घेऊन त्यात एचपीएमसी टाकलंत की पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या होतात तशा गुठळ्या होतील: वरून ओल्या, आत कोरड्या. त्यापेक्षा ४० मिलिलिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापवा, मॅग्नेटिक स्टरर चालू ठेवा आणि भुकटी चिमटीनं भुरभुरत टाका. गरम पाण्यात एचपीएमसी विरघळत नाही, नुसतं भिजून पसरतं. सगळी भुकटी ओली झाली की उरलेलं पाणी थंडगार करून ओता. तापमान उतरायला लागलं की द्रावण दाट आणि स्वच्छ होत जातं. मग ग्लिसरीन आणि सुक्रालोज घाला, झाकण लावा आणि रात्रभर ठेवून द्या. घोटताना शिरलेले बुडबुडे वर यायला तेवढा वेळ लागतो. घाईत सोनिकेटर लावला तर चालतं, पण रात्रभर ठेवलेल्या द्रावणाची फिल्म मला नेहमीच जास्त नितळ दिसली आहे.

काचेची सपाट प्लेट घ्या आणि तिच्यावर ए-फोर आकाराची ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) चारही कडांनी टेपनं चिकटवा. हीच शीट पुढं फिल्मला प्रिंटरमधून घेऊन जाणार आहे, म्हणून ती सुरकुतलेली नको. प्लेट समपातळीत आहे का ते गवंड्याच्या पाणसळीनं बघा. आमच्या प्रयोगशाळेतलं एक टेबल अंदाजानं सपाट वाटायचं. पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा एका कोपऱ्यात पळाला. त्या टेबलावर आधी घातलेल्या फिल्म एका बाजूला जाड का येतात, याचा उलगडा तेव्हा झाला.

१८ बाय २५ सेंटिमीटरच्या भागासाठी सुमारे २९ ग्रॅम द्रावण लागतं. कास्टिंग नाइफ (द्रावण ठरावीक जाडीत पसरवणारं पातं) असेल तर उत्तम. त्यातलं अंतर १००० मायक्रॉन ठेवलं म्हणून ओला थर तेवढाच पडतो असं नाही, तो कमी पडतो. सुकल्यावर जाडी ओल्या थराच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी राहते. ६० ते ७० मायक्रॉनची फिल्म मिळाली की समाधान माना. नाइफ नसेल तर आधी सराव ९ सेंटिमीटरच्या पेट्रीडिशमध्ये ४ ग्रॅम द्रावण तोलून करा.

ओव्हन ४० अंशांवर, रात्रभर. पंखा जोरात नको, वरचा थर आधी सुकून कातडी धरतो आणि खालचं पाणी अडकतं.

हवेशी भांडण

नाशिकची हवा या कामात तुमची भागीदार असते, कधी चांगली, कधी वाईट. एप्रिलमध्ये इथं हवा इतकी कोरडी असते की फिल्म शीटवरून सोडवताना काचेसारखी तडकते. जुलैमध्ये उलट. एका पावसाळ्यात आमच्या विद्यार्थ्यांनी आठवडाभर खपून घातलेल्या फिल्म मी एकावर एक रचून साध्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या. सोमवारी डबा उघडला तर सगळ्यांचा मिळून एक गठ्ठा झाला होता. सोडवायला गेलो तर फाटल्या. चूक माझी होती आणि आठवडा मुलांचा गेला.

तेव्हापासून नियम असा: प्रत्येक दोन फिल्ममध्ये बटर पेपर, डबा हवाबंद, आत सिलिका जेल आणि आर्द्रतामापक, स्वस्तातला नको, नीट कॅलिब्रेट केलेला. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास फिल्म हाताला नीट वागते. याहून कोरडं केलंत तर तडकते, म्हणून सिलिकाचा ढीगही नको. छपाईच्या दिवशी वहीत तापमान आणि आर्द्रता लिहिल्याशिवाय प्रिंटर चालू करायचा नाही.

शाई

पाणी ७० भाग, प्रोपिलीन ग्लायकॉल ३० भाग आणि प्रति मिलिलिटर १०० मिलिग्रॅम सालब्युटामॉल सल्फेट. नुसतं पाणी वापरलं तर नोझलच्या तोंडाशी ते सुकून औषध तिथंच स्फटिक होऊन बसतं. ग्लायकॉल ते सुकणं लांबवतं आणि शाईला थोडी दाट करतं.

शाई किती दाट हवी, हे अंदाजानं ठरवू नका. दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी, मोजणारा ओस्टवाल्ड व्हिस्कोमीटर प्रत्येक फार्मसी कॉलेजात असतो. पृष्ठताण स्टॅलॅग्मोमीटरनं थेंब मोजून काढता येतो. मग एक आकडा काढायचा, झेड. घनता, पृष्ठताण आणि नोझलचा व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्या आणि त्याला शाईच्या व्हिस्कॉसिटीनं भागा. सगळे आकडे एसआय एककांत घ्या. घनता १०३०, पृष्ठताण ०.०४५, नोझल २० मायक्रॉन आणि व्हिस्कॉसिटी ०.००३५ घेतली तर झेड साधारण ८.७ येतो. १ ते १० च्या मध्ये असेल तर थेंब सुटा आणि गोल पडतो. १ च्या खाली शाई इतकी चिकट असते की थेंब सुटतच नाही. १० च्या फार वर गेली की मुख्य थेंबामागे बारीक थेंबांची शेपटी पडते आणि चौरसाच्या कडा धूसर होतात.

शाई ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळल्याशिवाय कार्ट्रिजमध्ये जाऊ द्यायची नाही. नोझल केसाहून बारीक असतं. एक धूलिकण पुरतो.

प्रिंटर

विद्यार्थ्यांसाठी माझी पसंती ज्याच्या कार्ट्रिजमध्येच प्रिंटहेड असतं अशा थर्मल इंकजेटला आहे. हेड बिघडलं तर कार्ट्रिज बदललं की काम झालं. पिझो पद्धतीच्या (उष्णतेऐवजी विजेनं हलणाऱ्या स्फटिकानं थेंब ढकलणाऱ्या) प्रिंटरमध्ये हेड यंत्रात बसवलेलं असतं, तुंबलं तर यंत्रच बसतं. थर्मल हेडमध्ये शाईचा अगदी पातळ थर क्षणभर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो आणि बुडबुडा होऊन थेंब बाहेर ढकलला जातो. हे काही मायक्रोसेकंदांत घडतं. तरी उष्णतेनं औषध मोडतं का, हे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) एकदा तपासायलाच हवं. एन्झाइम किंवा प्रथिनं असतील तर पिझोच बरा.

फिल्म वाकू नये म्हणून मागून सरळ कागद घेणारा प्रिंटर शोधा. खालच्या ट्रेमधून कागद उलटा वळवणाऱ्या प्रिंटरमध्ये फिल्म शीटवरून सुटून रोलरला चिकटते आणि ती काढणं महाकठीण. एम. जी. रोडवर अशा जुन्या मॉडेलबद्दल विचारा, कधीकधी मिळून जातात.

कार्ट्रिज नवीन घ्या. झाकण काढा, स्पंज बाहेर काढा, आतली शाई इथेनॉल आणि शुद्ध पाण्यानं आलटून पालटून धुवा, पाणी पूर्ण रंगहीन येईपर्यंत. शेवटचं पाणी यूव्हीवर तपासा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारं पाणी २७६ ला वाचन देतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. सुकवून मगच औषधाची शाई भरा.

ड्रायव्हरमध्ये फक्त काळा रंग, सर्वोत्तम दर्जा, कडांची कुठलीही "सुधारणा" बंद. चित्र म्हणजे शंभर टक्के काळा चौरस, मिलिमीटरमध्ये मोजून काढलेला. करड्या छटेनं डोस कमी करायचा मोह टाळा. छटा दाखवण्यासाठी प्रिंटर स्वतःच्या मनानं ठिपके गाळतो.

आधी निळा रंग, मग औषध

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पहिले तीन-चार दिवस औषधाला हात लावू नका. त्याच पाणी-ग्लायकॉलच्या मिश्रणात खाद्य रंग ब्रिलियंट ब्ल्यू घाला आणि त्यानं छापा. तो ६३० नॅनोमीटरला मोजता येतो. नोझल कुठं तुंबलंय, कडा कुठं धूसर झाली, फिल्म कुठं सुरकुतली, सगळं डोळ्यांना दिसतं. औषधाची शाई रंगहीन असते, तिच्यात हीच चूक झाली तर ती ॲसेपर्यंत कळत नाही.

एक, दोन, तीन असं करत आठ थरांपर्यंत चौरस छापा आणि प्रत्येक विरघळवून वाचन घ्या. आलेख सरळ रेषेत यायला हवा. मग थर पाचच ठेवून चौरसाचं क्षेत्रफळ १ ते ५ चौरस सेंटिमीटर असं बदला, तीही रेषा सरळ हवी. पहिल्या आलेखाची रेषा वरच्या टोकाला वाकायला लागली तर समजा की फिल्म पाणी पिऊन सैल झाली आहे आणि शाई बाजूला पसरते आहे.

हे का होतं, ते एका हिशेबात कळतं. एका चौरस सेंटिमीटर फिल्मचं वजन साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पाच थरांत तिच्यावर जवळपास २.८ मायक्रोलिटर शाई पडते. त्यातलं पाणी उडून जातं, पण पाऊण मिलिग्रॅमहून जास्त ग्लायकॉल मागं राहतं. म्हणजे फिल्मच्या दहा टक्क्यांहून अधिक नवा प्लास्टिसायझर. म्हणूनच सुरुवातीला ग्लिसरीन कमी घ्यायला सांगितलं. आणि म्हणूनच दोन थरांमध्ये दहा मिनिटं थांबायचं. "मॅडम, वरून सुकलंय" असं मुलं म्हणतात. बोटाच्या पाठीमागच्या बाजूनं कोरड्या कोपऱ्याला आणि छापलेल्या भागाला हलकेच स्पर्श करून बघा, फरक लगेच कळतो. औषधाच्या फेरीत मात्र हातमोजे घालून, आणि हा स्पर्श फक्त चाचणीच्या जादा तुकड्यावर.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला साध्या कागदावर नोझल चेकचा नमुना छापा. प्रिंटर थोडा वेळ नुसता बसला तरी पहिल्या दोन-तीन ओळी फिक्या येतात. फिल्म आत घालायच्या आधी हे घडून गेलेलं बरं.

औषधाची फेरी

आता कार्ट्रिजमध्ये औषधाची शाई. तेच चित्र, तेवढेच थर, तीच वाट बघणं. चौरस दिसणार नाहीत, म्हणून ओएचपी शीटच्या मागच्या बाजूला मार्करनं खुणा आधीच करून ठेवा. सगळे थर झाले की शीट ४० अंशांवर तासभर ठेवा आणि मग कापा. चौरस २.०७ सेंटिमीटरचा असेल तर पट्टी ३ बाय अडीच सेंटिमीटर कापा, म्हणजे चिमट्यानं धरायला कोरी कड राहते आणि कापताना औषध पात्याला लागत नाही. तिथं पुन्हा चुरा उडवायचा नाही.

ॲसेसाठी एक पट्टी १० मिलिलिटरमध्ये विरघळवा. ५० मिलिलिटरमध्ये विरघळवली तर २७६ ला वाचन इतकं लहान येतं की चूक आणि औषध यांत फरक करता येत नाही. द्रावण ०.४५ मायक्रॉनमधून गाळा आणि ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेसाठीचं औषध नसलेलं द्रावण म्हणून, कोरं पाणी वापरू नका. तेवढ्याच आकाराची, नुसतं पाणी-ग्लायकॉल छापलेली फिल्म विरघळवून वापरा. एचपीएमसीची धूसरता वाचन वाढवते.

दहा पट्ट्या घ्या, आणि त्या शीटच्या एकाच ओळीतल्या नकोत. चारही कोपरे आणि मध्य यांतून निवडा. अमेरिकन फार्माकोपियात (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथात) एकसारखेपणासाठी स्वीकृती मूल्य काढतात: सरासरी ९८.५ टक्क्यांच्या खाली असेल तर ९८.५ मधून सरासरी वजा करा आणि त्यात प्रमाण विचलनाची २.४ पट मिळवा. १५ किंवा त्याहून कमी हवं. उदाहरणार्थ, सरासरी ९७.२ आणि विचलन ४.१ असेल तर १.३ अधिक ९.८, म्हणजे ११.१, पास. सरासरी तीच आणि विचलन ६.२ असेल तर १६.२, मर्यादेबाहेर. सरासरी बरोबर असून उपयोग नाही, कारण रुग्ण सरासरी खात नाही. तो एक पट्टी खातो.

बाकी चाचण्या तुम्हाला पाठ आहेत. जाडी स्क्रू गेजनं पाच ठिकाणी. घडी सहन करण्याची ताकद एकाच जागी दुमडत मोजायची. ३०० वेळा टिकली तर चांगली म्हणतात. पृष्ठभागाचा पीएच लाळेजवळचा, म्हणजे ६.८ च्या आसपास. विरघळायला किती वेळ लागतो ते पेट्रीडिशमध्ये थोड्या कोमट पाण्यात बघा. फिल्मसाठी वेगळी मर्यादा नसेल तिथं तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांसाठी युरोपियन फार्माकोपियानं दिलेली ३ मिनिटांची मर्यादा लोक धरतात. ६० मायक्रॉनची एचपीएमसी फिल्म मिनिटभरात मोडायला हवी. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली मात्र प्रत्येक बॅच बघाच. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या सुया दिसल्या तर औषध फिल्मवर स्फटिक होऊन बसलंय. आज बसलंय म्हणजे महिन्याभरात आणखी बसेल आणि विरघळण्याचा वेग बदलेल.

पाकीट

प्रत्येक पट्टी वेगळ्या ॲल्युमिनियमच्या पाउचमध्ये, हीट सीलरनं बंद. प्लास्टिकच्या झिप पिशवीतून ओल आत जाते. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत पॅकिंगला असलेले आमचे माजी विद्यार्थी म्हणतात की फाडायची खाच कुठं आहे ते आधी बघा. चुकीच्या जागी असेल तर आजी पाउच दातानं फाडतील आणि पट्टीही फाटेल. बरोबर आहे त्यांचं. स्थिरतेसाठी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर पाकिटं ठेवून ठरावीक महिन्यांनी ॲसे आणि मायक्रोस्कोप, दोन्ही पुन्हा करा.

लेबलवर "फिल्म" असंच लिहा. "स्ट्रिप" म्हटलं की आपल्याकडे मेडिकलवाला आणि गिऱ्हाईक दोघांनाही दहा गोळ्यांचं पाकीट आठवतं.

कायदा

चाचणी, तपासणी किंवा विश्लेषणासाठी औषध बनवायचं तरी औषध नियम, १९४५ खाली नमुना २९ चा परवाना लागतो. बाजारात असलेलं औषध नव्या डोसरूपात आणलं की २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत ते नवीन औषध ठरू शकतं, आणि मग वाट वेगळी आणि लांब आहे. प्रकल्प सुरू करण्याआधी मार्गदर्शकांना अन्न व औषध प्रशासनाच्या विभागीय कार्यालयात विचारून घ्यायला सांगा. चवीची चाचणी माणसांवर करायची असेल तर, कोऱ्या फिल्मसाठीसुद्धा, आधी नैतिकता समितीची परवानगी.

हिशेब

नाशिकरोडच्या प्रेसची आठवण इथं. मी मुलांना एक जाडजूड रजिस्टर देते. प्रत्येक ओएचपी शीटला क्रमांक. त्या शीटवर किती पट्ट्या छापल्या, किती कापल्या, किती ॲसेला गेल्या, किती फाटल्या, किती पाकिटात आहेत. बेरीज जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही. कार्ट्रिज छपाईच्या आधी आणि नंतर तोलायचं. जेवढी शाई कमी झाली आणि जेवढं औषध फिल्मवर सापडलं यांतला फरक म्हणजे प्रिंटरनं स्वतःची साफसफाई करताना थुंकलेली शाई. ती आतल्या फेल्टच्या पॅडमध्ये साठते, आणि त्या पॅडमध्येही औषध असतं.

म्हणून काम झालं की उरलेली शाई, फाटलेल्या फिल्म, धुवणाचं पाणी आणि तो पॅड औषधी कचऱ्याच्या डब्यात जातात, बेसिनमध्ये नाही. कार्ट्रिजवर औषधाचं नाव, तारीख आणि "फेकायचं" असं लिहून तेही त्याच डब्यात. प्रिंटरच्या झाकणावर लाल अक्षरात "फक्त औषध" अशी चिठ्ठी चिकटवा, चारही बाजूंनी पारदर्शक टेप लावून, पुसली जाणार नाही अशी. परीक्षेच्या दिवसांत ऑफिसमधून कुणीतरी हॉलतिकीट छापायला प्रिंटर मागायला येतंच. तो द्यायचा नाही.